डोर्नकलचे बिशप अझरया

तेलुगू मुलखातील डोर्नकल या लहानशा गावाला ख्रिस्ती जगात नाव मिळाले ते बिशप वेदनायकम् सॅम्युएल अझरया यांच्यामुळे. नव्या मंडळीची घडी कशी बसवावी, हे ज्या सेवकांना शिकावयाचे आहे त्यांनी या सत्पुरुषाच्या चरित्राचे मनन करावे.

ता. १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली प्रांती वेल्लालनविळै या खेड्यातील पाळकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मद्रासेस शिक्षण घेऊन, पदवी न मिळविताच, १८९५ साली ते वाय. एम. सी. ए.चे चिटणीस झाले. गावोगाव हिंडताना त्यांच्या मनास एक गोष्ट बोचू लागली. आपल्या देशबांधवांस सुवार्ता सांगण्याचे काम आपण परक्यांवर का सोपवावे? या तळमळीतून १९०३ साली तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी व १९०५ साली श्रीरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. दुसऱ्यांस पाठवून स्वतः मागे राहणे मात्र त्यांस रुचेना. १९०९ साली ते मिशनरी म्हणून डोर्नकलला गेले. मातृभाषा तमिळ असता तेलुगू शिकले.

१९१० साली एडिंबरोच्या परिषदेत त्यांनी निर्भीडपणे सांगितले की, परदेशी मिशनरी त्याग पुष्कळ करतात, परंतु हिंदी सेवकांस बरोबरीची मैत्री देत नाहीत. हे बोल अनेकांस झोंबले. हिंदी मनुष्य बिशपपद सांभाळू शकेल काय, अशी शंका घेणारेही थोडे नव्हते. तरी ता. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यास त्यांस दीक्षा मिळाली व ते अँग्लिकन मंडळीचे पहिले हिंदी बिशप झाले.

खरी परीक्षा पुढेच होती. गावेच्या गावे बाप्तिस्मा मागू लागली, आणि हिंदी पाळक तर बोटांवर मोजण्याइतके! शहरातील पदवीधरांची किंवा परदेशातून येणाऱ्या माणसांची वाट पाहत बसावे, तर कळप विखुरला जाणार. म्हणून बिशपसाहेबांनी खेड्यांतूनच मेंढपाळ घडविण्याचे ठरविले. गावच्या शिक्षकाने दिवसा मुलांस शिकवावे, सायंकाळी प्रार्थना चालवावी. जो या कामात कसास उतरेल त्यास डोर्नकलच्या धर्मशिक्षणशाळेत पाठवावे. त्याच्याबरोबर त्याच्या पत्नीसही शिक्षण द्यावे, कारण पाळकाचे घर हाच मंडळीचा पहिला धडा होय. त्यानंतरच त्यास दीक्षा द्यावी व काही गावे त्याच्या स्वाधीन करावी. अशा रीतीने पायरीपायरीने माणसे वर चढविली.

हे सेवक पोसावयाचे कोणी? मंडळीतील बहुतेक लोक माल व मादिग या दरिद्री जातींतील शेतमजूर. तरीही देणगीचा मान गरिबाकडून काढून घेऊ नये, असे बिशपसाहेबांचे मत होते. रोज भात शिजविताना घरच्या बाईने मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढावे, सुगीस प्रथमफळ आणावे, ही सवय त्यांनी लाविली. परदेशी मदतीची गरज सर्वस्वी सरली असे नाही, परंतु आपली मंडळी आपणच चालवावयाची ही जाणीव रुजली. बाप्तिस्मा घेणाऱ्यांस ते आपला हात आपल्याच मस्तकावर ठेवावयास लावीत व सुवार्ता न सांगितल्यास आपणांस धिक्कार असो, अशा अर्थाची शपथ घ्यावयास लावीत. माल व मादिग यांच्यातील जुना दुरावा मंडळीत चालू राहावा, हे त्यांस मुळीच मान्य नव्हते.

या परिश्रमाचे फळ मोठे आले. पुढे तेलुगू मुलखाचे आणखी भाग जोडले गेले, हिंदी पाळकांची संख्या शंभरावर गेली, आणि १९४१ च्या सुमारास ख्रिस्ती लोक दोन लाखांहून अधिक झाले. दक्षिण हिंदुस्थानातील मंडळ्यांच्या ऐक्यासाठी त्यांनी १९१९ पासून झटून काम केले. ते ऐक्य ता. २७ सप्टेंबर १९४७ रोजी घडले. परंतु ते पाहण्यास बिशपसाहेब राहिले नव्हते. ता. १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथेच ते प्रभूत निजले.

बंधुभगिनींनो, देऊळ बांधणे सोपे, मंडळी बांधणे कठीण. आपल्या गावात पुढचा पाळक व्हावयाजोगा मुलगा आज कोणाच्या तरी शेतावर गुरे राखीत असेल. त्यास हाक कोण मारील? आणि आपल्या घरातील मूठभर धान्य त्याच्या शिक्षणासाठी आजपासून कोण बाजूला काढील?