तिसरी प्रत ठेवणारा आर्चबिशप : ह्यूबर्ट वॉल्टर

इ. स. ११९० च्या मार्च महिन्यात उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहरात ज्यू वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवण्यासाठी राजाच्या किल्ल्यात आश्रय घेतलेले सुमारे दीडशे ज्यू १६ मार्चच्या रात्री मृत्युमुखी पडले. जमावाच्या हाती सापडण्यापेक्षा अनेकांनी आप्तांच्या हातून मरण पत्करले. हत्याकांडानंतर हल्लेखोर शहराच्या मुख्य चर्चमध्ये, यॉर्क मिन्स्टरमध्ये, शिरले. ज्यू सावकारांचे कर्जरोखे तेथे सुरक्षिततेसाठी ठेवलेले असत. ते हुडकून काढून चर्चमध्येच त्यांची होळी करण्यात आली. हल्ल्याच्या म्होरक्यांपैकी काही जण याच सावकारांचे देणेकरी होते. धर्मोन्माद खरा असेलही, पण नेमके काय जाळायचे याचे भान मात्र त्यांना पुरते होते.

या मिन्स्टरचा डीन म्हणून आदल्या वर्षापर्यंत काम पाहणारा धर्माधिकारी तेव्हा सॉल्सबरीचा बिशप झाला होता आणि धर्मयुद्धावर निघण्याच्या तयारीत होता. त्याचे नाव ह्यूबर्ट वॉल्टर. इंग्लंडच्या राज्यकारभाराला दस्त जपून ठेवण्याची शिस्त ज्यांनी लावली, त्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे.

ह्यूबर्टचे घराणे पूर्व इंग्लंडमधील नॉरफोकचे, खानदानी पण फार मोठे नव्हे. त्याचे भाग्य उघडले ते मावशीमुळे. तिचे पती रॅनल्फ द ग्लॅनव्हिल हे दुसऱ्या हेन्री राजाचे चीफ जस्टिशियर, म्हणजे राजाच्या खालोखाल न्याय आणि महसूल सांभाळणारे सर्वोच्च अधिकारी. ह्यूबर्ट त्यांच्याच घरी वाढला. विद्यापीठातील धर्मशास्त्राऐवजी त्याने खटले, हिशेब आणि फर्माने यांचे शिक्षण घेतले. त्याच्या लॅटिन भाषेची विद्वान मंडळी पुढे चेष्टा करीत. ती चेष्टा अगदीच निराधार नसावी. पण ज्या कारकुनी तपशिलांना ती मंडळी तुच्छ मानत, त्यांतच या माणसाची बुद्धी चालत असे.

धर्मयुद्धात तो आर्चबिशप बाल्डविन आणि मावसा ग्लॅनव्हिल यांच्याबरोबर एकरच्या वेढ्यात पोहोचला. ११९० संपण्यापूर्वी दोघेही तेथे मरण पावले. त्या हिवाळ्यात छावणीत दुष्काळ पडला, तेव्हा श्रीमंतांकडून निधी गोळा करून उपाशी सैनिकांना अन्न पोहोचवण्याची व्यवस्था ह्यूबर्टने उभी केली. तहानंतर तो यात्रेकरूंना घेऊन जेरुसलेमला गेला, सलाउद्दीनला भेटला आणि पवित्र स्थळी लॅटिन पुरोहितांना उपासनेची परवानगी मिळवून परतला.

परतीच्या वाटेवर कळले की राजा रिचर्ड जर्मनीत कैद झाला आहे. ह्यूबर्टने त्याची भेट घेतली आणि ११९३ मध्ये तो इंग्लंडला आला. त्याच वर्षी तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि वर्षअखेर चीफ जस्टिशियरही. चर्च आणि राज्य, दोन्हींची सूत्रे एका हाती आली. खंडणीचा आकडा १,५०,००० मार्क होता आणि सुटकेपूर्वी त्यातले १,००,००० भरायचे होते. मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड. उत्पन्नाचा चौथा हिस्सा, मठांची लोकर, चर्चची सोन्याचांदीची भांडी, सगळे गोळा करावे लागले. रिचर्ड ११९४ मध्ये सुटला, काही आठवडे इंग्लंडमध्ये राहिला आणि मे महिन्यात फ्रान्समधील लढायांसाठी निघून गेला, तो पुन्हा परतलाच नाही. पैसा मात्र त्याला सतत हवा होता. तो कोठे आहे आणि कोणाकडे किती येणे आहे, हे ठाऊक असल्याशिवाय राज्य चालवणे आता अशक्य होते.

ज्यू सावकारांचे रोखे हा या प्रश्नाचा मोठा भाग होता. कायद्याने ज्यू हे थेट राजाच्या संरक्षणाखाली आणि म्हणून राजाच्या मर्जीखाली असत. राजा त्यांच्यावर हवा तसा कर बसवी, आणि मृताच्या मालमत्तेवरही हक्क सांगे. लिंकनचा धनाढ्य सावकार ॲरन ११८६ मध्ये वारला, तेव्हा त्याची सारी येणी दुसऱ्या हेन्रीने ताब्यात घेतली. ती सुमारे १५,००० पौंडांची होती. वसुलीसाठी राजाच्या कोषागारात स्वतंत्र विभाग उघडावा लागला. त्यामुळे यॉर्कमध्ये जळाले ते केवळ सावकारांचे रोखे नव्हते, राजाचे भावी उत्पन्नही जळाले होते.

सप्टेंबर ११९४ मध्ये राजाचे न्यायाधीश देशभर फिरतीवर निघाले. त्यांना दिलेल्या कलमांमध्ये ज्यूंची कर्जे, गहाण, जमिनी, घरे आणि भाडी यांची नोंद करण्याचा आदेश होता. यापुढे कर्जव्यवहार सहा-सात ठरावीक ठिकाणीच व्हायचे होते. प्रत्येक ठिकाणी दोन ख्रिस्ती, दोन ज्यू आणि दोन लेखनिक नेमायचे. रोखा एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहून मधोमध कापायचा. ऋणकोची मोहोर असलेला भाग सावकाराकडे आणि दुसरा भाग सार्वजनिक पेटीत. पेटीला तीन कुलपे. एक किल्ली ख्रिस्ती प्रतिनिधींकडे, एक ज्यूंकडे आणि तिसरी सरकारी कारकुनाकडे. शिवाय सर्व रोख्यांची नक्कल वेगळ्या गुंडाळीत उतरवायची आणि रोखा बदलला की गुंडाळीही बदलायची. प्रत्येक रोख्यामागे शुल्क तीन पेनी, निम्मे सावकाराने आणि निम्मे ऋणकोने द्यायचे. त्यातले दोन पेनी लेखनिकांचे आणि एक गुंडाळी सांभाळणाऱ्याचा.

योजना विलक्षण काटेकोर होती. कोणीही एकट्याने पेटी उघडू शकत नव्हता, आणि दंगलीत सावकाराचे घर पेटले तरी कर्जाचा पुरावा उरणार होता. ऋणकोलाही फेडलेले कर्ज पुन्हा मागितले जाण्याची भीती कमी झाली. परंतु या पेट्यांमुळे सर्वाधिक फायदा झाला तो कोषागाराचा. कोणत्या ज्यूचे किती येणे आहे हे आता सरकारला बसल्या जागी कळू लागले, आणि पुढच्या राजांनी त्या माहितीवर जबर कर बसवले. पेट्यांची गावे वाढत वाढत वीसच्या पुढे गेली. १२९० मध्ये पहिल्या एडवर्डने सर्व ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा पेट्यांतील रोखे राजाच्याच हाती पडले. रोखे जपले गेले. ज्यांचे ते होते, ती माणसे जपली गेली नाहीत. ह्यूबर्टला हे दिसणे शक्य नव्हते, पण नोंदी कोणासाठी ठेवल्या जात होत्या हे त्याला नक्की ठाऊक होते.

दुसरी सुधारणा अधिक शांत, आणि कदाचित अधिक मोठी. जमिनीचे व्यवहार पक्के करण्यासाठी त्या काळी दोन पक्ष राजाच्या न्यायालयात जात, अनेकदा केवळ नावापुरता दावा लावत आणि मग तडजोड करत. या तडजोडनाम्याला ‘फाइन’ म्हणत. येथे त्याचा अर्थ दंड नव्हे, तर वादाचा अखेरचा निकाल. त्याची एकेक प्रत दोन्ही पक्षांना मिळे. प्रत हरवली, जळाली किंवा कोणी खोटी प्रत पुढे केली, की सारी भिस्त माणसांच्या आठवणीवर.

१५ जुलै ११९५ रोजी वेस्टमिन्स्टर येथे अशा एका तडजोडनाम्याची प्रथमच तिसरी प्रत लिहिली गेली. दोन प्रती शेजारी-शेजारी, तिसरी त्यांच्या पायथ्याशी, आणि मध्ये नागमोडी काप. तिन्ही तुकडे एकत्र जुळले तरच दस्त खरा. पायथ्याचा तुकडा सरकारी खजिन्यात गेला, म्हणून हे दस्त ‘फीट ऑफ फाइन्स’ या नावाने ओळखले जातात. हे असे पहिलेच त्रिखंडी पत्र असून आर्चबिशप आणि इतर सरदारांच्या आदेशाने ते खजिन्यात ठेवले जात आहे, अशी टीप त्याच्या पाठीवर आहे. या व्यवहारातील एक पक्ष होता थिओबाल्ड वॉल्टर, आर्चबिशपचा सख्खा भाऊ. नव्या पद्धतीचा पहिला लाभ घरातच गेला. त्या काळी यात कोणाला वावगे वाटले असण्याचा संभव कमी. १८३३ च्या कायद्याने हा प्रकार रद्द होईपर्यंत, सहा शतकांहून अधिक काळ, हे तुकडे जमत राहिले. आज ते लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

या माणसाच्या कारभाराला कठोर बाजूही होती. ११९६ मध्ये लंडनच्या गरिबांवर पडणाऱ्या करांविरुद्ध विल्यम फिट्झ ऑसबर्ट याने लोकांना उठवले. तो सेंट मेरी-ल-बो चर्चमध्ये लपला, तेव्हा ह्यूबर्टने चर्चला आग लावून त्याला बाहेर काढले आणि फासावर चढवले. चर्चमधील आश्रयाचा हक्क खुद्द आर्चबिशपने मोडला, आणि ते चर्च कँटरबरीच्या भिक्षूंचे होते! त्यांच्या तक्रारी रोमपर्यंत गेल्या. ११९८ मध्ये पोपच्या दडपणाखाली त्याने जस्टिशियरपद सोडले.

वर्षभरातच तो परतला. ११९९ मध्ये जॉन राजा झाला आणि ह्यूबर्टने चान्सलरपद स्वीकारले. आर्चबिशपने राजाच्या लेखनकचेरीचे प्रमुख होणे अनेकांना कमीपणाचे वाटले. त्याला वाटले नाही. राजाची सनद मिळवण्यासाठी द्यायचे शुल्क ७ जून ११९९ च्या आदेशाने ठरवून देण्यात आले. बाहेर जाणाऱ्या सनदांच्या नकला गुंडाळ्यांमध्ये सलग जपल्या जाऊ लागल्या, आणि थोड्याच वर्षांत राजाच्या खुल्या आणि बंद पत्रांच्याही. जॉनच्या कारकिर्दीतला जवळजवळ प्रत्येक आठवडा आज इतिहासकारांना ठाऊक आहे, तो या गुंडाळ्यांमुळे.

१३ जुलै १२०५ रोजी केंटमधील टेनम येथे ह्यूबर्टचे निधन झाले. आपण आता खऱ्या अर्थाने राजा झालो, असे उद्गार जॉनने काढल्याची आख्यायिका आहे. त्याच्या जागी कोणाला नेमावे यावरून राजा आणि पोप यांच्यात जो संघर्ष पेटला, त्यात इंग्लंडची चर्चे काही वर्षे बंद राहिली. कँटरबरी कॅथेड्रलमधील त्याची कबर १८९० मध्ये उघडण्यात आली. आत त्याची धर्मवस्त्रे, दंड, अंगठी आणि उपासनेचा चषक जसाच्या तसा होता.