हातचा दाखवा, मगच उत्तर पटेल!

सबमिशनची आदली रात्र आठवा. पहाटे तीनला प्रोग्रॅम एकदाचा चालतो, आउटपुट बरोबर येतं, तुम्ही लॅपटॉप मिटून झोपता. सकाळी व्हायवाला एक्स्टर्नल फक्त एकच गोष्ट विचारतात. हा प्रत्येक वेळी बरोबरच चालेल, हे कशावरून? झालं, बोलती बंद. काल रात्री चालला होता, यापलीकडे आपल्याकडे उत्तरच नसतं.

या प्रश्नाला उत्तर देण्याची पद्धत एका माणसाने २४ जून १९४९ला केंब्रिजमध्ये मांडली. आदल्याच दिवशी त्याला सदतीस वर्षं पूर्ण झाली होती. त्याचं नाव अॅलन ट्युरिंग. कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येकाने हे नाव ऐकलेलं असतं. पण त्याचं हे काम फारसं कुणी सांगत नाही.

सायकलवरून शाळेत

अॅलनचे वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी, आईचा जन्मही तिथलाच. अॅलन मात्र १९१२ मध्ये लंडनमध्ये जन्मला. आईवडील भारतात आणि तो व त्याचा मोठा भाऊ जॉन इंग्लंडमध्ये दुसऱ्याच कुटुंबाकडे, असं त्यांचं लहानपण गेलं. १९२६ मध्ये नव्या शाळेत जायच्या वेळी देशभर संप होता, रेल्वे बंद. तेरा वर्षांच्या या पोराने सायकल काढली आणि जवळपास शंभर किलोमीटर चालवत शाळा गाठली. म्हणजे आपल्या मालेगावहून (वाशिमचं बरं का, नाशिकचं नव्हे!) निघून अकोल्याच्याही पुढे जाण्यासारखं.

पुढे केंब्रिजला गणित. १९३६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने एक निबंध लिहिला. तेव्हा आजच्यासारखा कॉम्प्युटर अस्तित्वातच नव्हता. तरी त्याने कागदावर एक काल्पनिक यंत्र उभं केलं आणि एक जबरदस्त गोष्ट सिद्ध केली. कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो कधीतरी थांबेल की कायम फिरतच राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच एक रीत असूच शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तो ब्लेचली पार्कला जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्राचे गुप्त संदेश फोडत होता. हे काम इतकं गुप्त, की १९७०च्या दशकापर्यंत जगाला त्याचा पत्ताच नव्हता.

हिशोबपट्टी आणि हातचा

आता १९४९. केंब्रिजमधला ‘एडसॅक’ कॉम्प्युटर मे महिन्यातच सुरू झालेला. प्रोग्रॅम लिहिणारे मूठभर लोक आणि त्यांच्या चुका मात्र ढीगभर! त्या परिषदेत ट्युरिंगने एक साधी बेरीज घेतली. नुसत्या संख्या आणि खाली उत्तर दिलं, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक स्तंभाचा हातचा लिहिलेला असेल, तर एकेक स्तंभ सुटा तपासता येतो.

हे आपल्याला नवीन नाही. सोयाबीन विकून आलेल्या बाबांच्या हातात फक्त शेवटचा आकडा असेल, तर तो खरा की खोटा कसं कळणार? हिशोबपट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली असली, की दहावीतली बहीणही एकेक ओळ तपासू शकते.

ट्युरिंगचं म्हणणं होतं, की प्रोग्रॅमचंही तसंच करा. ठरावीक ठिकाणी, इथे पोचल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, असं लिहून ठेवा. मग एका टप्प्यापासून पुढच्यापर्यंतचा तुकडा सुटा तपासता येतो, तोही प्रोग्रॅम न चालवता. आणि तो थांबतो हे दाखवायला, प्रत्येक फेरीत कमी होत जाणारी एखादी संख्या दाखवा.

गंमत बघा. सगळ्या प्रोग्रॅमसाठी एकच रीत नाही हे त्यानेच सिद्ध केलेलं. तरी तुमच्या एका प्रोग्रॅमपुरतं ते दाखवता येतं आणि ते लिहिणाऱ्याने स्वतः सांगायचं, हेही त्यानेच सांगितलं.

पण त्याचं ऐकलं कुणी? त्या भाषणात त्याने फळ्यावर आकडे उलटे लिहिले, एकक डावीकडे, तेही काही न सांगता. समोरचे गोंधळले. छापील निबंधातही चुकाच चुका, इतक्या की १९८४ मध्ये दोघा अभ्यासकांनी तो दुरुस्त करून पुन्हा छापला. काम तपासायला सोपं असावं हे सांगणाऱ्याचंच काम वाचायला अवघड! तोवर रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) आणि टोनी होअर (१९६९) यांनी हीच दिशा स्वतंत्रपणे शोधली होती.

शेवटची पाच वर्षं

१९५२च्या सुरुवातीला ट्युरिंगच्या घरी चोरी झाली आणि त्याने पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत तो समलिंगी असल्याचं समोर आलं. तेव्हा इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. चोरीची फिर्याद देणाराच आरोपी झाला. तुरुंग नको असेल तर हार्मोनचे उपचार घ्या, असा पर्याय कोर्टाने दिला. त्याने उपचार पत्करले. सरकारी गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले. ७ जून १९५४ला सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. वय अवघं ४१. ब्रिटिश सरकारने माफी मागितली ती २००९ मध्ये. आपल्याकडे ब्रिटिशांनीच आणलेलं कलम ३७७ अशा संबंधांसाठी रद्द व्हायला २०१८ उजाडलं.

आज तुमच्या लॅपटॉपवर

कोड न चालवता नुसता वाचून चुका दाखवणारी टूल्स आज कॉलेजच्या लॅबमध्येही चालतात. न वापरलेलं व्हेरिएबल, किंमत देण्याआधीच वापरलेलं व्हेरिएबल, शून्याने भागाकार होण्याची शक्यता, असं सगळं ती सांगतात. १९७८च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये आलेलं ‘लिंट’ हे यातलं गाजलेलं जुनं टूल. कोडची गुंतागुंत मोजायचं एक माप थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये दिलं. एका फंक्शनमधल्या जर-तरच्या जागा मोजा आणि एक मिळवा. उत्तर दहाच्या वर गेलं, तर फंक्शन तोडायचा विचार करा. महाराष्ट्रातही हे संशोधन चालतं. पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसीत अशी टूल्स घडली. आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री साठे यांनी यामागच्या शास्त्रावर २००९ मध्ये ग्रंथ लिहिला.

पण टूलने हिरवी खूण दिली म्हणजे जिंकलो, असं समजू नका. १९३६चा निकाल अजून तिथेच आहे. कुठलंही टूल कधी उगाच ओरडणार, नाहीतर कधी खरी चूक सोडणार. ते नक्की वापरा, पण हातचा तुम्हीच लिहायचा. आज रात्री प्रोजेक्टमधला सगळ्यात अवघड लूप उघडा. त्याच्या वर दोनच ओळी लिहा. इथे काय खरं असायला हवं आणि कुठली संख्या कमी होत जाते. लिहिता आलं नाही, तर चूक कुठे शोधायची ते तुम्हाला कळलंच. आणि आलं, तर एक्स्टर्नलला खुशाल विचारू द्या.