ल्यूसी विल्स : आधी कारण, मग गोळी

पावसाळा जवळ आला की लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात आणि पवना धरणाच्या रस्त्यावर पहाटे धावणारे वाढतात. त्यातले काही जण रक्तदान शिबिरात जातात आणि हिमोग्लोबिन कमी असल्याने परत पाठवले जातात. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याला याचे मोठे आश्चर्य वाटते. मग दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, लोहाची कोणती गोळी घेऊ? त्याचे उत्तर समजण्यासाठी एका डॉक्टरांचे आयुष्य पाहू. ॲनिमियावरचे त्यांचे सर्वात महत्त्वाचे काम आपल्या मुंबईत सुरू झाले.

वनस्पतिशास्त्राकडून वैद्यकाकडे

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या आणि तिथे त्यांनी काही काळ परिचारिकेचे काम केले. परतल्यावर त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. त्या प्रयोगशाळेतच रमल्या.

मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक गरीब स्त्रियांना गरोदरपणात तीव्र ॲनिमिया होत असे आणि त्यातून मृत्यूही होत. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत तपासण्या सुरू केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान आणि फिकट होतात. म्हणजे हा आजार वेगळा होता.

मग त्यांनी या स्त्रिया रोज काय खातात याची नोंद केली. तसाच निकृष्ट आहार आधी उंदरांना आणि नंतर माकडांना देऊन पाहिला. प्राण्यांनाही ॲनिमिया झाला, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर तो बरा झाला. बाजारात स्वस्तात मिळणारा हाच अर्क गरोदर स्त्रियांना दिल्यावर त्यांचे रक्त सुधारले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्कातील त्या अज्ञात घटकाला पुढे विल्स फॅक्टर म्हटले जाऊ लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे करण्यात आले आणि विल्स यांचा घटक तोच असल्याचे स्पष्ट झाले. १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील अमेरिकेतील चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले.

विल्स लोहाच्या विरोधात नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये त्यांनी लोह दिलेल्या आणि न दिलेल्या गर्भवतींच्या हिमोग्लोबिनची तुलना करणारा मोठा अभ्यास केला. आज गरोदर स्त्रीला जी गोळी मिळते, तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही असतात. त्या स्वतः सायकलने कामावर जात, डोंगर चढत आणि बर्फात स्कीइंग करत. निवृत्तीनंतरही त्यांनी फिजीसारख्या दूरच्या बेटांवर जाऊन पोषण आणि ॲनिमियाचा अभ्यास केला. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

धावणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

आपल्याकडे रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते, स्त्री असो वा पुरुष. अनेक शिबिरांत रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात टाकतात. तो तरंगत राहिला तर रक्तदान पुढे ढकलले जाते. हा नकार तुमच्या भल्यासाठी असतो. पण ही चाचणी कारण सांगत नाही, आणि ती पार झाली म्हणजे लोहाचा साठा भरलेला आहे असेही नाही.

धावणाऱ्यांत लोह कमी होण्याची कारणे अनेक असतात. पाऊल रस्त्यावर आदळताना काही तांबड्या पेशी फुटतात. घामातून आणि आतड्यांतून थोडे लोह जाते. जोरदार व्यायामानंतर काही तास शरीरात असे संप्रेरक वाढते की अन्नातील लोह कमी शोषले जाते. स्त्रियांमध्ये मासिक पाळीची भर पडते. कधी मात्र सरावामुळे रक्तातील द्रवभाग वाढतो आणि हिमोग्लोबिन केवळ पातळ झाल्यामुळे कमी दिसते.

याशिवाय ब-१२ ची कमतरता, जंत, मूळव्याध, पोटातील व्रण किंवा थॅलेसेमियाचे वाहक असणे हीही कारणे असतात. मावळात भातखाचरांत अनवाणी काम करणाऱ्यांनी आकडी कृमींचा विचार जरूर करावा. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी आढळले, तर पोटातून रक्त जात नाही ना हे पाहणे आवश्यक असते. केवळ धावण्यावर दोष टाकून हे सोडून देऊ नये.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. सीबीसी आणि फेरिटिन या दोन तपासण्यांतून बरेच कळते. फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज. ते ३० पेक्षा कमी असेल तर साठा संपत आला आहे असे बहुतेक डॉक्टर मानतात. ताप किंवा संसर्ग असताना ते खोटे वाढलेले दिसू शकते. तसेच आदल्या दिवशी लांब पल्ला धावून तपासणीला जाऊ नका.

लोहच कमी असेल तर गोळीबरोबर आहारही सुधारा. पालेभाज्या, हळीव, कडधान्ये आणि बाजरी खा, सोबत लिंबू किंवा आवळा घ्या. चहा जेवणानंतर लगेच नको, किमान तासभर थांबा. मांसाहार करणाऱ्यांना मटण आणि मासे यांतून सहज शोषले जाणारे लोह मिळते.

एका वेळच्या ३५० मिली रक्तदानातून सुमारे १५० ते २०० मिलिग्रॅम लोह जाते, आणि अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषले जाते. त्यामुळे पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवणे सक्तीचे आहे. नियमित धावणाऱ्यांनी पुन्हा रक्तदान करण्याआधी फेरिटिन तपासून घेतलेले बरे. कारण सापडले आणि साठा भरला, की बहुतेकांना पुन्हा निर्धास्तपणे रक्तदान करता येते.