अकोल्याचा विद्यार्थी



पिंपळगाव राजातून पुढे शिकायचे म्हणजे घर सोडणे आलेच. खामगाव, अकोला, मग पुणे. दीडशे वर्षांपूर्वी अकोल्याहून पुण्याला असाच एक मुलगा गेला होता: गोपाळ गणेश आगरकर.

जन्म १८५६चा, कराडजवळच्या टेंभूचा. घरी गरिबी. कराडच्या कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट केली. अखेर आपल्या वऱ्हाडाने त्याला आसरा दिला. अकोल्यात विष्णू मोरेश्वर महाजनींसारखे गुरू भेटले आणि १८७५ साली तो मॅट्रिक झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. वर्तमानपत्रांत लिहून आणि शिष्यवृत्तीवर शिक्षण पुरे केले.

एम.ए.च्या सुमारास मोठ्या पगाराची नोकरी समोर होती. पण पोटापुरते मिळवून बाकी आयुष्य लोकांसाठी घालवणार, असे त्यांनी आईला पत्राने कळवले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले. पुढे 'केसरी'चे पहिले संपादक, १८८८ मध्ये 'सुधारक', मग फर्ग्युसनचे प्राचार्यपद. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले.

मी चाळिशी ओलांडली आहे. पहिल्या पगाराचा आकडा मी फोनवर सांगितला, तेव्हा आई रडली होती. म्हणून आगरकरांपेक्षा मला ते पत्र हाती घेतलेली त्यांची आईच जास्त आठवते. शिक्षणाची किंमत तिनेही मोजली. आपल्या घरांतही कोणीतरी ती मोजलीच आहे.