मुळशीचे सेनापती

सेनापती म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि मोठी फौज येत असेल. पण महाराष्ट्रात असे एक सेनापती होऊन गेले, की ज्यांच्याजवळ फौज नव्हती. त्यांच्या मागे होते भातशेती करणारे गरीब मावळे, त्यांच्या बायका आणि मुले. लढा होता जमिनीसाठी. त्या सेनापतींचे नाव पांडुरंग महादेव बापट.

बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती, पण पांडुरंग फार हुशार होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून, शिष्यवृत्ती मिळवून तो इंजिनिअर होण्यासाठी परदेशी एडिंबरोला गेला. तिथे त्याने इंग्रजांच्या राज्याविरुद्ध भाषण केले आणि त्याची शिष्यवृत्ती बंद झाली. मग तो क्रांतिकारकांत सामील झाला. पॅरिसला जाऊन बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकला आणि १९०८ मध्ये भारतात परतला. पुढे काही वर्षे भूमिगत राहिल्यावर तो पकडला गेला. १९१५ मध्ये त्याची सुटका झाली. पारनेरला असताना बापट पहाटे उठून हातात झाडू घेत आणि गावचे रस्ते साफ करत. गाव सर्वांचे आहे, म्हणून ते सर्वांनी जपले पाहिजे, असे त्यांना वाटे.

आता नकाशात पुणे जिल्हा पाहा. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका आहे. तेव्हा त्याला मुळशी पेटा म्हणत. इथे मुळा आणि निळा या नद्यांचा संगम होतो. पाऊस धो धो पडतो. डोंगरावर दाट झाडी आणि खाली भाताची खाचरे. इथला आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे वंशज या खोऱ्यात पिढ्यान्पिढ्या राहत होते.

त्याच वेळी मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढत होत्या. त्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधण्याचे ठरवले. धरणात पाणी अडवायचे, बोगद्यातून आणि नळांतून ते डोंगराखाली कोकणात भिरा येथे सोडायचे आणि त्याच्या जोरावर वीज तयार करायची, अशी ही योजना होती. योजना हुशारीची होती. पण धरणाच्या पाण्याखाली सुमारे पन्नास गावांची घरे, शेते आणि देवळे जाणार होती.

जमीन घेण्यासाठी सरकारजवळ १८९४ चा कायदा होता. या कायद्याने सरकार मोबदला देऊन कोणाचीही जमीन घेऊ शकत असे. मालकाची संमती लागत नसे. खोऱ्यात माणसे आली, मोजणी झाली, शेतांत खड्डे खणले गेले. ज्यांची शेते होती त्यांना कोणी काही विचारले नाही.

तुम्ही एक गोष्ट ध्यानात घ्या. जमीन, नकाशा, मालक, कायदा, तालुका हे सारे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. मुळशीच्या शेतकऱ्यालाही ते ठाऊक होते. पण नकाशा काढणारा एक आणि त्या जमिनीवर राहणारा दुसरा, असे झाले की काय होते, हे त्याला तेव्हा कळले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. बायका मुलांना घेऊन आल्या. काम थांबले. या लढ्यातच लोकांनी बापटांना सेनापती ही पदवी दिली. ते स्वतः इंजिनिअरिंग शिकलेले होते. यंत्राशी किंवा विजेशी त्यांचे वैर नव्हते. शेतकऱ्याला न विचारता त्याची जमीन घेण्याचा हक्क कोणालाही नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झाले. सत्याग्रही तुरुंगात जाऊ लागले. बापटही गेले. लढा लांबला, तशी एकी कमी झाली. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती आणि मावळे ती कूळ म्हणून कसत होते. सावकारांना चांगला मोबदला मिळाला, तेव्हा ते बाजूला झाले. कुळांच्या हाती मात्र फारसे काही आले नाही.

शेवटी बापटांचा धीर सुटला. १९२४ च्या अखेरीस त्यांनी काही साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्या वेळी शस्त्रेही वापरली. हा मार्ग सत्याग्रहाचा नव्हता. बापटांनी त्याची शिक्षा भोगली. ते सात वर्षे तुरुंगात राहिले. इकडे धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. मावळ्यांची गावे पाण्याखाली गेली.

तुरुंगातून सुटल्यावरही बापट स्वस्थ बसले नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात त्यांच्या हस्ते तिरंगा फडकला. गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतही ते म्हातारपणी उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मग हरलेली लढाई आपण का वाचायची? कारण बापटांचा प्रश्न हरला नाही. २०१३ मध्ये आपल्या देशात भूसंपादनाचा नवा कायदा झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल, तर बाधित कुटुंबांपैकी शंभरातील ऐंशी कुटुंबांची संमती हवी, असे त्यात ठरले. मुळशीच्या मावळ्यांना जे मिळाले नाही, ते जवळजवळ नव्वद वर्षांनी कायद्यात आले.

मुळशी आजही बदलते आहे. पुणे शहर पसरत पसरत या तालुक्यात आले. हिंजवडीला मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. मोसे नदीच्या खोऱ्यात लवासा हे डोंगरी शहर बांधले जाऊ लागले. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ते काम थांबवण्याची नोटीस दिली आणि पुढच्या वर्षी अटी घालून परवानगी दिली. दुसरीकडे २०१३ मध्ये ताम्हिणीचे जंगल अभयारण्य झाले. तिथे शेकरू झाडावरून झाडावर उड्या मारते. पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांच्या टेकड्यांवर घरे बांधायची की झाडी राखायची, असा वाद बरीच वर्षे चालला. २०१५ मध्ये त्या टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्यास शासनाने मंजुरी दिली.

कुठे घरे, कुठे कारखाना, कुठे शेती आणि कुठे झाडी, हे आधी कागदावर ठरते. त्याला विकास आराखडा म्हणतात. तो मंजूर होण्याआधी लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. हरकत असेल तर ती लेखी देता येते. १९२१ च्या मावळ्याजवळ हा हक्क नव्हता. तुमच्याजवळ आहे. पण तो वापरायचा, तर आधी आराखडा वाचता आला पाहिजे.

शब्दार्थ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
पेटा – तालुक्याचा लहान भाग
मोबदला – वस्तूच्या बदल्यात मिळणारी रक्कम
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी
संमती – होकार
हरकत – आक्षेप

स्वाध्याय
१. मुळशीला धरण बांधण्याचे का ठरले?
२. बापट विजेच्या विरुद्ध नव्हते, मग त्यांचे म्हणणे काय होते?
३. सावकार बाजूला झाल्याने कुळांचे काय नुकसान झाले?
४. रेल्वेगाडी अडवण्याचा बापटांचा मार्ग तुम्हांला योग्य वाटतो का? कारण सांगा.

उपक्रम
तुमच्या शाळेजवळची एक मोकळी जागा निवडा. विकास आराखड्यात ती कशासाठी राखली आहे, हे मोठ्यांच्या मदतीने महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा व पाच ओळी लिहा.