टिळकांच्या सचोटीवरचा खटला

लोकमान्य टिळकांचे नाव राजद्रोहाच्या खटल्यांनी देशभर झाले. मात्र त्यांना सर्वाधिक मनस्ताप दिला तो एका वारसाच्या वादाने. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित यांनी ७ ऑगस्ट १८९७ रोजी मृत्यूपूर्वी आपल्या मृत्युपत्रात टिळकांना विश्वस्त नेमले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली जामिनावर होते, तरीही स्नेह्याचा शब्द त्यांनी मोडला नाही.

दौलत कर्जात होती. विश्वस्तांनी खर्च आवरला आणि सरदारांच्या विधवा ताई महाराज यांच्याशी वितुष्ट आले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस झालेले दत्तकविधान त्यांनी पुढे नाकारले व विश्वस्तांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९०२ मध्ये न्यायाधीश ॲस्टन यांनी निकाल टिळकांविरुद्ध दिला. त्यातूनच फौजदारी खटला उभा राहिला.

राजद्रोहासाठी तुरुंगात गेलेल्याला लोक हार घालतात. विधवेच्या दौलतीबाबत खोटी साक्ष दिल्याचा ठपका वेगळा. त्यात माणसाची पतच पणाला लागते. ऑगस्ट १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि ४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने टिळकांना निर्दोष ठरविले.

दिवाणी दावा मात्र सुटला नव्हता. १९१० मध्ये, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, उच्च न्यायालयाचा कौल त्यांच्या विरुद्ध गेला. मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तकविधान ग्राह्य धरले. ताई महाराज त्यापूर्वीच, १९०३ मध्ये निवर्तल्या होत्या.