जंतूंची गटवारी लावणाऱ्या रिबेका लान्सफील्ड

मुंबई असो वा मनमाड, मुलांच्या घसादुखीकडे घरोघरी दुर्लक्षच होते. मात्र तिच्यामागे स्ट्रेप्टोकोकस हा जंतू असेल आणि वेळीच उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो व हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होतात. या जंतूच्या घातक आणि निरुपद्रवी प्रकारांत फरक करण्याची खात्रीची रीत रिबेका लान्सफील्ड यांनी वैद्यकाला दिली.

५ जानेवारी १८९५ रोजी न्यू यॉर्कमधील स्टेटन आयलंड येथे त्यांचा जन्म झाला. १९१८ मध्ये त्या रॉकफेलर संस्थेत तंत्रसाहाय्यक म्हणून रुजू झाल्या. लष्करी छावण्यांतील साथीत मिळालेल्या जंतूंच्या अभ्यासापासून त्यांच्या संशोधनाचा प्रारंभ झाला. १९३३ मध्ये त्यांनी पेशीभित्तिकेतील घटकांवरून या जंतूंचे ए, बी, सी असे गट पाडले. जंतू आम्लात तापवून अर्क काढायचा आणि तो सशाच्या सीरममध्ये मिसळायचा; साका धरला की गट निश्चित होई.

ही पद्धत अचूक, पण वेळखाऊ होती. पुढे आलेल्या लेटेक्स चाचण्या वाढवलेल्या जंतूंचा गट काही मिनिटांत सांगतात. घशातील नमुन्यावर थेट केली जाणारी चाचणी त्याहून सोयीची. मात्र तिच्या नजरेतून काही रुग्ण निसटतात. म्हणूनच मुलांमध्ये ती नकारार्थी आल्यास जंतू वाढवून खात्री करून घेणे इष्ट ठरते. या साऱ्या चाचण्यांचा पाया लान्सफील्ड यांची गटवारी हाच आहे.

१९६१ मध्ये अमेरिकी प्रतिकारशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ३ मार्च १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.